हवेची वाट आणि इंधनाचा हिशेब

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी आपल्या शाळेच्या पटांगणात जी वाहने उभी होती, ती पाहून आम्ही क्षणभर थबकलो. दिवाळीनंतर ऊसतोडीस निघालेले आईवडील ज्या लेकरांना वसतिगृहाच्या ओट्यावर सोडून जात, त्यांतलीच काही लेकरे आता स्वतःच्या गाडीतून बायकामुलांसह उतरत होती. तिसगावच्या एस.टी. थांब्यापासून डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन येणारी त्यांची पावले आमच्या अजून स्मरणात आहेत. त्यांपैकी एकाने आम्हांस हाताला धरून आपल्या गाडीपाशी नेले आणि मोठ्या हौसेने बॉनेट उघडून दाखविले. आत जेथे काळी प्लास्टिकची पेटी असावयास हवी होती, तेथे चकाकत्या नळीच्या टोकाला लाल रंगाची, शंकूच्या आकाराची एक गाळणी बसविलेली होती.

"सर, यानं अ‍ॅव्हरेज वाढतं. लिटरमागं दोन-तीन किलोमीटर तरी."

"तू मोजलंस?"

"मोजायचं काय सर, सगळेच सांगतात."

चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणारा, दर पंधरवड्याला करंजी घाट ओलांडून गावी येणारा हा मुलगा. त्या लाल गाळणीवर त्याने खर्चिलेली रक्कम त्याच्या धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाच्या सहामाही खर्चाहून फारशी कमी नव्हती. आम्ही इतिहासाचे शिक्षक. इंजिनातले आम्हांस काय कळते, असे म्हणून विषय सोडता आला असता. परंतु "सगळेच सांगतात" हे दोन शब्द वर्गात उच्चारले की आम्ही काय करतो, हे त्या मुलालाही ठाऊक होते. तो लगेच हसला. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिण्याऐवजी त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर पूर्ण करावे, असे आम्हांस वाटले. या कामी वाहन-उद्योगात असलेले आमचे दोन माजी विद्यार्थी आणि पाथर्डी रस्त्यावरील एक जाणते मिस्त्री यांना आम्ही पुष्कळ त्रास दिला आहे.

प्रथम मूळ गोष्ट. इंजिन पेट्रोल पिते हे सर्वांस दिसते. ते हवा किती पिते याची कल्पना सहसा नसते. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे त्यास अकरा किलोच्या जवळपास हवा हवी. आकारमानात सांगावयाचे तर एका लिटरमागे नऊ ते दहा हजार लिटर हवा त्या लहानशा गाळणीतून आत जाते. तेव्हा हवेची वाट रुंद केली, अडथळा दूर केला, की इंजिनाचा श्वास मोकळा होईल आणि इंधन वाचेल, हा तर्क सकृद्दर्शनी पटणारा आहे. गंमत अशी की एके काळी तो बऱ्याच अंशी खराही होता.

पूर्वीच्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. कार्ब्युरेटरला डोळे नसतात. हवेच्या ओढीने जेवढे पेट्रोल बारीक छिद्रातून वर येईल तेवढे तो देतो. मागे गाळणी तुंबली की ओढ वाढते, हवा कमी आणि पेट्रोल अधिक अशी स्थिती होते. ओढलेला चोक परत ढकलायचा राहून जावा तसे. जास्तीचे पेट्रोल न जळता काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. त्या काळी गाळणी बदलल्यावर गाडीचे अ‍ॅव्हरेज सुधारल्याचा अनुभव आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितला तो खोटा नव्हता. जुन्या मोटारसायकली वापरणाऱ्या पालकांना आजही तो येत असेल, कारण आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्यांतून कार्ब्युरेटर गेला तो एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाल्यानंतरच.

मोटारगाड्यांत मात्र हा बदल वीस वर्षे आधी, म्हणजे २००० सालच्या सुमारास झाला. कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. आत येणारी हवा एक सेन्सर मोजतो. बाहेर जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला हे दुसरा सेन्सर पाहतो. आणि गाडीतला छोटा संगणक त्या दोन्ही साक्षी ताडून क्षणोक्षणी पेट्रोलचे माप ठरवितो. हवा कमी आली तर पेट्रोलही तेवढेच कमी सुटते, अधिक आली तर तेवढेच अधिक. गाळणी तुंबलेली असो वा नवी कोरी, मिश्रणाचे प्रमाण बिघडत नाही. त्यामुळे ज्या वाटेने पूर्वी पेट्रोल वाया जात होते ती वाटच बंद झाली.

येथे एक शंका चाणाक्ष वाचकास येईल. मिश्रण ठीक राहिले तरी तुंबलेल्या गाळणीतून हवा ओढण्याचे कष्ट इंजिनास पडणारच, आणि त्या कष्टाचे इंधन लागणारच. शंका रास्त आहे. तिचे उत्तर समजून घेण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल नेमके काय करते हे पाहावे लागते. पेट्रोल गाडीत ते पेडल हवेच्या वाटेतील एक झडप उघडते, तिला थ्रॉटल म्हणतात. आपण सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जात असतो तेव्हा ही झडप थोडीशीच उघडी असते आणि तिच्या पलीकडे हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्यापर्यंत उतरलेला असतो. म्हणजे हवेच्या वाटेत मोठा अडसर आपण स्वतःच पायाने घालून ठेवलेला असतो. त्यापुढे गाळणीचा अडथळा अगदी किरकोळ. शिवाय गाळणीने थोडी अधिक अडवणूक केली तर तेवढाच वेग राखण्यासाठी चालक झडप किंचित अधिक उघडतो आणि दोन्ही मिळून अडथळा होता तेवढाच राहतो. वाड्याचा दिंडीदरवाजा इंचभरच उघडा असताना बाहेरची वेस रुंद केली तर आत येणाऱ्यांची संख्या वाढत नाही.

वेस रुंद केल्याचा उपयोग होतो तो दरवाजा सताड उघडल्यावर, अर्थात पेडल पूर्ण दाबल्यावर. तेव्हा मोकळ्या गाळणीने ताकद थोडी वाढते, 'पिकअप' सुधारतो. शर्यतीच्या गाड्यांना असल्या गाळण्या लावतात त्या याच कारणाने. परंतु पेडल पूर्ण दाबून चालविणारा मनुष्य इंधन वाचवीत नसतो, हे सांगावयास इंजिनिअर लागत नाही.

हे केवळ तर्काने म्हणावे तर आम्हीही "सगळेच सांगतात" याच पंगतीत बसू. सुदैवाने हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामासाठी १९४३ मध्ये ती उभी राहिली, आणि पुढे तिच्याकडे ऊर्जेचे शांततामय प्रश्नही आले. तेथील संशोधकांनी २००९ मध्ये आधुनिक इंधन-फवारणीच्या गाड्या घेतल्या, त्यांच्या गाळण्या मुद्दाम तुंबविल्या, आणि नव्या गाळणीशी तुलना केली. इंधनाच्या खर्चात नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही. फरक पडला तो वेग घेण्यात. तुंबलेल्या गाळणीने गाडी मंद झाली. पुढे सत्तरच्या दशकातील कार्ब्युरेटरची एक जुनी गाडी तपासली, तेव्हा मात्र नेहमीच्या तुंबलेपणात २ ते ६ टक्क्यांचा फरक मिळाला. त्या प्रयोगापूर्वी तेथील सरकारी सूचनांतूनही तुंबलेली गाळणी बदलल्यास १० टक्क्यांपर्यंत इंधन वाचते, असे छापले जात होते. जुन्या काळचे खरे विधान नव्या काळात तसेच पुढे चालत आले आणि मधल्या काळात कार्ब्युरेटर निघून गेल्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. इतिहासाच्या साधनांत असे वारंवार आढळते. बखरीतले वाक्य चुकीचे नसते. पण ते कोणत्या काळाविषयी आहे हे पुसले गेलेले असते.

आता ध्यानात घ्यावे की हा प्रयोग तुंबलेल्या आणि स्वच्छ गाळणीतला आहे. त्या दोहोंतही फरक पडत नसेल, तर स्वच्छ मूळ गाळणी आणि स्वच्छ महागडी गाळणी यांत तो कोठून पडावा? शंकूच्या गाळणीचा प्रश्न आमच्या मते येथेच निकालात निघतो.

असल्या साधनांचा बाजार नवा नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जगभर पेट्रोल महागले आणि इंधन वाचविणाऱ्या 'चमत्कारां'ना ऊत आला. हवेच्या नळीत बसवायच्या भिंगऱ्या, जास्तीची हवा आत सोडणाऱ्या चिमुकल्या झडपा, इंधनाच्या नळीला बांधायची चुंबके. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी किंचित फरक दाखविला, तोही लक्षणीय म्हणता येणार नाही असा. तेव्हाच्या त्या भिंगऱ्या आज नव्या वेष्टनात आपल्या आठवडे बाजारापर्यंत पोहोचल्या आहेत.

डिझेल गाड्यांचे गणित निराळे आहे, आणि आपल्या वाचकांत जीप, टेम्पो, ट्रॅक्टर बाळगणारे अधिक असल्याने ते सांगणे भाग आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडविणारी झडप कामाची नसते. हवा जितकी येईल तितकी घेतली जाते आणि पेडल केवळ डिझेलचे माप बदलते. त्यामुळे साध्या चालीत हवा नेहमी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते. मूळ स्वच्छ गाळणीतून येणारीच हवा उरत असेल तर तिच्याहून मोकळी गाळणी बसवून हाती काय लागणार? उलट गाळणी पार तुंबली तर डिझेल इंजिन तक्रार करते. चढावर भरलेला माल ओढताना हवा कमी पडते, काळा धूर निघतो, आणि तो धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले न जळलेले डिझेल. म्हणून डिझेलवाल्यांनी गाळणी वेळेवर बदलावी. पण बदलावी ती त्याच मापाची, त्याच जातीची.

गार हवेविषयीही एक समज प्रचलित आहे. गार हवा दाट असते, म्हणून बाहेरची गार हवा घेणारी नळी बसविल्यास अ‍ॅव्हरेज वाढते, असे सांगतात. हवा दाट असते हे खरे. तापमान १० अंशांनी उतरले की घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याने इंजिनाची कमाल ताकद वाढू शकते. परंतु बेताच्या चालीत पेट्रोल इंजिनाला कमाल ताकद नकोच असते. दाट हवा आली की थ्रॉटल थोडी अधिक मिटावी लागते आणि ओढण्याचे कष्ट वाढतात. कोमट हवेने उलट थ्रॉटल थोडी अधिक उघडी राहते. थंड देशांतील जुन्या गाड्यांत तर हिवाळ्यात सायलेन्सरच्या नळीजवळची गरम हवा घेण्याची सोय असे. आणखी एक विसंगती आम्हांस त्या पटांगणातच दिसली होती. कंपनीने दिलेली मूळ पेटी बहुधा बॉनेटच्या कडेने किंवा पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेते. ती काढून उघडी गाळणी आत बसविली की ती इंजिनाच्या आणि रेडिएटरच्या उष्णतेत तापलेली हवा ओढते. म्हणजे गार हवेच्या नावाने पैसे घेऊन गरम हवा दिली जाते! ती काळी पेटी आवाज दाबण्याचेही काम करीत असते. ती गेली की इंजिनाचा श्वास घुमून ऐकू येतो आणि चालकास गाडी जोमदार झाल्याचा भास होतो.

परंतु अ‍ॅव्हरेज वाढत नाही एवढेच असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. हौसेला मोल नसते असे म्हणून गप्प बसलो असतो. आमची खरी चिंता धुळीची आहे.

तिसगावचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना धुळीचे वर्णन सांगावयास नको. मार्चनंतर मिरीकडे, मढीकडे जाणारे रस्ते, नांगरून पडलेली रिकामी राने, खडी फोडणारी यंत्रे, आणि मढीच्या यात्रेत एकामागोमाग जाणाऱ्या वाहनांचा तो तांबूस पडदा. हवेत तरंगणारा हा कण मानवी केसाच्या दहाव्या हिश्शाएवढाही असू शकतो. डोळ्यांस तो दिसत नाही. पण इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तोही तितकाच पातळ असतो. असा कण तेथे शिरला की पॉलिश पेपरचे काम करतो. रिंगा झिजतात, सिलिंडर झिजतो, दाब निसटतो, इंजिन ऑइल खाऊ लागते. मग खरोखरच अ‍ॅव्हरेज घटते, आणि ते कोणत्याही गाळणीने परत येत नाही.

ही देवघेव किती जुनी आहे याचा एक दाखला युद्धेतिहासात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेत आणि माल्टा बेटावर उतरली, तेव्हा वाळूने त्यांची इंजिने झपाट्याने झिजू लागली. म्हणून विमानाच्या नाकाखाली एक अवजड धूळगाळणी बसविण्यात आली. तिने विमानाचा वेग घटला, वैमानिकांनी नाके मुरडली. पण गाळणीवाचून इंजिने टिकत नव्हती. इजिप्तमधील अबूकीर येथील दुरुस्ती-केंद्रात तिच्याहून सुटसुटीत गाळणी तयार करून बसविली गेली. वेग की आयुष्य, हा प्रश्न प्राणांशी गाठ असलेल्या माणसांनीही आयुष्याच्या बाजूने सोडविला. आपल्या नगरला तर हे शिक्षण अंगणात आहे. तेथे सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र आहे, आणि संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्थाही आहे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात शालेय सहलीसोबत आम्ही अनेकदा गेलो आहोत; तोफांकडे सर्वांचे लक्ष जाते. यापुढे मुलांना धुळीत धावणाऱ्या त्या यंत्रांना श्वास कोठून घेता येत असेल, असा प्रश्न विचारावयाचा आमचा मानस आहे.

आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची कथा येथे नाव न घेता सांगतो. त्याची तशी परवानगी आहे. दहावीनंतर शिक्षण सुटले. काही वर्षे वडिलांसोबत कोयता धरला, मग उचल फेडून उरलेल्या पैशांत आणि पतपेढीच्या कर्जात त्याने एक जुनी डिझेल जीप घेतली. तिसगाव–पाथर्डी मार्गावर तो प्रवासी वाहतूक करू लागला. घाटात गाडी दम धरीना, म्हणून एका गॅरेजमध्ये त्यास सल्ला मिळाला: "आतला एलिमेंट काढून टाक, गाडी मोकळी पळेल." गाडी खरोखरच मोकळी पळाली. चार-सहा महिने तो खूष होता. दीड वर्षात मात्र जीप निळा धूर मारू लागली, सकाळी चालू होईना, दर आठवड्याला ऑइल घालावे लागे. इंजिन खोलले तेव्हा बोअर-पिस्टन, रिंगा सगळेच गेले होते. कर्जाचे हप्ते चालू असताना इंजिनाचे काम काढावे लागले आणि त्या वर्षी त्याची बायको पुन्हा ऊसतोडीच्या टोळीत गेली. आमच्याशी हे बोलताना त्याने गॅरेजवाल्यास दोष दिला नाही. "मी विचारायला पाहिजे होतं सर," एवढेच म्हणाला. जुनी गाळणी तुंबलेली होती, हे त्या सल्ल्यामागचे सत्य. ती काढण्याऐवजी बदलली असती तरी घाटात तेवढाच दम मिळाला असता.

गाळणीविषयी मिस्त्रींनी सांगितलेली एक गोष्ट आम्हांस नवी होती. कागदी गाळणी थोडी वापरल्यावर आधीपेक्षा चांगली गाळते, कारण तिच्यावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण अडवू लागतो. म्हणून दर आठवड्याला कॉम्प्रेसरची हवा मारून ती 'नवी' करण्याची आपल्याकडची सवय चांगली नव्हे. जोराच्या झोताने कागदाला न दिसणारी भोके पडतात. हलकेच आपटून वरची धूळ झाडावी आणि ठरल्या किलोमीटरला, आपल्या धुळीच्या मुलखात त्याच्याही आधी, गाळणी सरळ बदलावी. बसविताना पेटीच्या चारही चिमट्या लागल्या आहेत आणि कडेचे रबर नीट बसले आहे हे पाहावे. तेथून फट राहिली तर गाळणी कितीही उत्तम असो, धूळ बगल देऊन आत जाते. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. त्यात हवा तेलावरून एकदम वळण घेते, जड कणांना ते वळण साधत नाही आणि ते तेलात पडतात. त्या वाटीतले तेल खुणेपर्यंत आहे का आणि तळाशी चिखल साचला आहे का, हे हंगामात वरचेवर पाहावे. तेल लावून वापरायच्या लाल सुती गाळण्यांचा आणखी एक धोका आहे. तेल अधिक झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर जाऊन बसते आणि संगणकास चुकीचे माप मिळू लागते.

कायद्याचेही एक अंग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलास ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन्ही, अशी तरतूद आली. त्याच जागी त्याच मापाची गाळणी बदलणे हा अर्थातच बदल नव्हे. संपूर्ण पेटी उखडून नवी नळी बसविणाऱ्याने मात्र गॅरंटीचा कागद आणि हे कलम, दोन्ही एकदा वाचावे.

तरीही कोणी म्हणेल, "मला फरक पडला." अशा माणसास खोटा म्हणणे आम्हांस मान्य नाही. साक्षीदार प्रामाणिक असूनही साक्ष चुकीची असू शकते. गाळणी बसविली त्याच दिवशी बहुधा सर्व्हिसिंग झालेले असते, नवे ऑइल पडलेले असते, टायरमध्ये हवा भरलेली असते. पैसे खर्च केल्यावर मनुष्य महिनाभर जपून गाडी चालवितो. एप्रिलमध्ये ए.सी. अखंड चालतो, डिसेंबरात तो बंद असतो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत जावे लागते, पावसाळ्यात रस्ता मोकळा. यांतील एकेका गोष्टीने पडणारा फरक गाळणीच्या नावावर जमा होतो.

गाड्यांची अधिकृत आकडेवारी ठरविताना या सगळ्या गोष्टी म्हणूनच बांधून टाकतात. पुण्यात कोथरूडच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून कार्यरत असलेल्या 'एआरएआय' या संस्थेचे नाव जाहिरातीत आपण वाचतो. अशा चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही. तिची चाके रुळांवर फिरतात. ठरलेल्या आराखड्याप्रमाणे सुमारे वीस मिनिटे, ताशी ९० किलोमीटरच्या आत, वेग वाढवायचा, घटवायचा, थांबायचे. बाहेर पडणारा धूर पिशव्यांत साठवून त्यातील कार्बन मोजतात आणि त्यावरून इंधन किती जळले हे काढतात. वारा नाही, चढ नाही, चालकाची लहर नाही. म्हणूनच तो आकडा आपल्या रस्त्यावर कधी मिळत नाही, आणि म्हणूनच दोन गाड्यांची तुलना करावयास तोच उपयोगी पडतो.

आपल्यापाशी रूळ नाहीत, पण वही आहे. आपल्याकडे इंधनाच्या या हिशेबाला लोक 'अ‍ॅव्हरेज' म्हणतात, हा शब्द आम्हांस फार आवडतो, कारण मापनाचे सारे मर्म त्यात आहे. एका टाकीचा आकडा म्हणजे अ‍ॅव्हरेज नव्हे. एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहावे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून पडलेल्या लिटरांनी भागावे. अशा निदान चार टाक्या काहीही न बदलता मोजाव्यात. काहीच न बदलताही दोन टाक्यांत केवढा फरक पडतो हे पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. मग गाळणी बदलून चार टाक्या. आणि यानंतरची पायरी, जी कोणीच करीत नाही: जुनी गाळणी परत लावून आणखी चार टाक्या. वाढलेले अ‍ॅव्हरेज गाळणीमुळे असेल तर जुनी लावल्यावर ते पूर्वपदावर आले पाहिजे. घाट जाताना आणि येताना सारखा नसतो, म्हणून मोजणी नेहमी जाऊन-येऊन करावी.

ज्यास खरोखर इंधन वाचवायचे आहे त्याच्यासाठी पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेची पत्रके वर्षानुवर्षे तेच सांगत आली आहेत: ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग, टायरमध्ये योग्य हवा, थांबल्यावर इंजिन बंद, गाळणी स्वच्छ. टपावरचा रिकामा कॅरिअर उतरविला तरी मोठ्या रस्त्यावर फरक पडतो. हे सारे फुकटात होते, त्यामुळे ते कोणी विकत नाही.

चाकणच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही हीच मोजणी करावयास सांगितले होते. त्याने ती केली, बारा टाक्यांची, आणि मे महिन्यात वहीच्या पानांची छायाचित्रे पाठविली. अक्षर अजूनही आठवीत होते तसेच, डावीकडे कललेले. लाल गाळणीच्या चार टाक्या आणि अलीकडच्या-पलीकडच्या आठ टाक्या यांत त्याला निवडता येईल असा फरक सापडला नाही. साध्या चार टाक्यांत आपापसात जी तफावत होती तीच मोठी होती. तिसऱ्या फेरीसाठी त्याने काळी पेटी माळ्यावरून काढून परत बसविली, ती तशीच राहू दिली आहे. तिची एक चिमटी हरवली होती. पाथर्डीत मिळाली नाही, शेवटी नगरहून आणावी लागली.